बी कुणाची, लोणी कुणाचं

जुन्या शास्त्रग्रंथांत सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायची चाल होती. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच ताकदीने सांगता येत नसेल, तर ते खोडायचा अधिकारही उरत नाही, ही त्यामागची सचोटी. डचांच्या कोको व्यापाराविषयी मला जे म्हणायचं आहे ते मी याच चालीने मांडणार आहे. पूर्वपक्ष काळबादेवीच्या रुईबाजारातल्या एका कल्पित शेटजींकडे दिला आहे आणि उत्तरपक्ष दादरच्या एका कल्पित मास्तरांकडे. मास्तरांचं मत ते माझं मत. तरी शेटजींना मी मुद्दाम कच्चं ठेवलेलं नाही, कारण त्यांच्या काही प्रश्नांनी माझंच म्हणणं बदललं आहे. हा वाद मुंबईत लावण्यालाही कारण आहे. ॲमस्टरडॅमच्या आसपास कोकोचं एक झाड उगवत नाही आणि परळ-लालबागच्या गिरणगावात कापसाचं एक बोंड पिकत नाही. दोन्ही ठिकाणं दुसऱ्याच्या शेतातल्या मालावर मोठी झाली.

शेटजी : मास्तर, तुम्ही लोक व्यापाऱ्याला आधी आरोपी करता आणि मग पुरावा शोधता. डचांनी कोकोचं काय केलं ते आधी नीट बघा. सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत युरोपात कोको म्हणजे दरबारी लोकांचं पेय होतं. दाट, तेलकट, वर तवंग येणारं, पचायला जड आणि महाग. बी भाजून वाटली की तिच्यात निम्म्याहून जास्त स्निग्ध भाग निघतो, तो पाण्यात मिसळणार कसा? ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हौटेन बापलेकांनी तो प्रश्न सोडवला. १८२८ मध्ये त्यांनी कोको दाबायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्रात वाटण घालून दाबलं की बरंचसं लोणी बाहेर पडतं आणि मागे कोरडी ढेप उरते. ती कुटली की पावडर. पुढे त्या पावडरीवर क्षाराची प्रक्रिया केली, तिचा आंबट-कडूपणा कमी झाला, रंग गडद झाला आणि ती दुधा-पाण्यात चांगली मिसळू लागली. आज घराघरांत मूल कपभर दुधात चमचाभर कोको ढवळतं, ते या दोन शोधांमुळे. निघालेल्या लोण्याचं काय करायचं, याचं उत्तर इंग्रजांनी १८४७ मध्ये दिलं. ते लोणी परत साखर-कोकोत मिसळलं आणि खायच्या चॉकलेटची वडी तयार झाली. राजाच्या पेल्यातली चीज कामगाराच्या खिशात आली. यात कुणाचं काय लुटलं ते सांगा.

मास्तर : शेटजी, शोध मोठा होता हे मला पूर्ण मान्य आहे. पण तुम्ही गोष्ट १८२८ पासून सुरू केलीत, ती दोनशे वर्षं आधी सुरू होते. डचांनी १६३४ मध्ये स्पॅनिशांकडून कुरासाव बेट घेतलं. समोर व्हेनेझुएलाचा किनारा आणि त्यामागे कराकसच्या कोकोच्या बागा. स्पेनचा कायदा असा की तिथल्या मळेवाल्यांनी फक्त स्पेनशीच व्यापार करायचा. डच गलबतं रात्री किनाऱ्याला लागायची, कापड आणि गुलाम माणसं उतरवायची आणि कोकोची पोती भरून निघायची. ही चोरटी उलाढाल एवढी वाढली की ती मोडण्यासाठी स्पेनच्या राजाला १७२८ मध्ये कराकसच्या कोकोसाठी स्वतंत्र मक्तेदार कंपनी काढावी लागली. व्हॅन हौटेनच्या पेटंटच्या बरोबर शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणजे यंत्र आलं तेव्हा ॲमस्टरडॅमची गोदामं, दलाल, भाव ठरवायची सवय आणि बोटींचे रस्ते आधीच तयार होते. सुरिनामच्या डच मळ्यांतही साखर, कॉफी, कापसाबरोबर कोको होता आणि तो काढणारी माणसं विकत आणलेली होती. तिथली गुलामी कायद्याने संपली १ जुलै १८६३ ला. तेव्हा सरकारने दर गुलामामागे तीनशे गिल्डर भरपाई दिली, ती मालकांना. सुटलेल्या माणसांना काही नाही, उलट आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली कराराने मळ्यांवरच राबायची सक्ती. बरोबर १६० वर्षांनी, १ जुलै २०२३ ला डच राजाने या सगळ्याची जाहीर माफी मागितली. यंत्राचं श्रेय बुद्धीला जातं. पण ते यंत्र ज्या जागी बसलं ती जागा बुद्धीने मिळालेली नव्हती.

शेटजी : गुलामीचं समर्थन मी करणार नाही, कुणीच करू नये. पण तुमचं गणित पुढच्या काळाला लागत नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आज घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांत पिकतो. घानात, म्हणजे तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, कोकोची लागवड रुजवण्याचं श्रेय टेट्टे क्वार्शी या आफ्रिकी माणसाला देतात. १८७९ च्या सुमाराला त्याने फर्नांडो पो बेटावरून बिया आणल्या. डच तर एल्मिनाचा किल्ला इंग्रजांना देऊन १८७२ मध्येच तिथून निघून गेले होते. मळेवाले गोरे नव्हते, लहान शेतकरी होते. त्यांनी आपल्या मर्जीने झाडं लावली आणि १९११ च्या सुमाराला गोल्ड कोस्ट जगात पहिल्या नंबरावर आलं. इथे ना चाबूक, ना साखळदंड. तरी ॲमस्टरडॅम आज कोकोचं सगळ्यात मोठं बंदर आहेच ना? मग ते कौशल्यावरच झालं असणार.

मास्तर : हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे आणि माझं खरं म्हणणं इथूनच सुरू होतं. चाबूक गेला तरी वाटणी बदलली नाही, म्हणजे वाटणी चाबकावर उभी नव्हती. ती कशावर उभी होती ते बघायला क्रॉफर्ड मार्केटला चला. तिथे बेकरीवाल्यांच्या आणि घरी केक करणाऱ्या बायकांच्या नेहमीच्या दुकानांत चॉकलेटच्या चपट्या लाद्या एकावर एक रचलेल्या असतात. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘कंपाउंड देऊ का प्युअर?’ दोन्ही लाद्या दिसायला सारख्याच काळसर, चकचकीत, तोडायला खाचा पाडलेल्या. मागचं लेबल वाचलं की फरक कळतो. कंपाउंडमध्ये साखर, कोको पावडर आणि वनस्पती तेलापासून केलेला घट्ट स्निग्ध पदार्थ. प्युअरमध्ये त्या पदार्थाच्या जागी कोकोचं स्वतःचं लोणी. प्युअरचा तुकडा जिभेवर ठेवला की अंगाच्या उबेनेच विरघळतो. कंपाउंड जरा चिकटून राहतं, पण मुंबईच्या उकाड्यात आकार धरून ठेवतं आणि पुष्कळ स्वस्त पडतं. लालबागच्या केकच्या दुकानातल्या पेस्ट्रीवरचं चॉकलेट बहुतेक वेळा हेच. मी त्याला नाव ठेवत नाही, कारण त्यामुळेच चाळीतल्या मुलाचा वाढदिवस चॉकलेट केकने साजरा होतो. मला दाखवायचं आहे ते वेगळं. व्हॅन हौटेनच्या यंत्राने एका बीचे दोन माल केले, पावडर आणि लोणी. त्यांचे दोन भाव झाले, दोन बाजार झाले आणि कुठला माल कुणाला, किती आणि कधी विकायचा हे ठरवायची मुभा यंत्रवाल्याला मिळाली. लोण्याला मागणी वाढली की त्यात कमवायचं, पावडरीला वाढली की तिच्यात. शेतकऱ्याजवळ मात्र एकच माल, सुकवलेली बी, आणि एकच गिऱ्हाईक. फळ फोडून पांढऱ्या गरासकट बिया पाच-सात दिवस केळीच्या पानांखाली आंबवायच्या, मग उन्हात उलटसुलट करत वाळवायच्या. चॉकलेटचा वास पहिल्यांदा जन्माला येतो तो या आंबवण्यात, म्हणजे शेतकऱ्याच्या अंगणात. कच्च्या, न आंबवलेल्या बीला यंत्रात कितीही दाबा, तो वास येत नाही. तरी हे कसब ‘कच्चा माल’ या सदरात जातं आणि भाव मधल्या माणसाच्या हातात राहतो.

शेटजी : मधल्या माणसाचा एवढा राग असेल तर आधी स्वतःच्या शहराकडे बघा. कोकोचं जे डचांनी केलं तेच कापसाचं आम्ही मुंबईवाल्यांनी केलं आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. इंग्रजांना आमच्याकडून फक्त गाठी हव्या होत्या, सूत त्यांनी लँकेशायरला कातायचं. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला सूतगिरणीची कंपनी काढली आणि ती वाट मोडली. पुढे मुंबईचं सूत चीनपर्यंत गेलं. तुम्ही म्हणता तसं यंत्र मालाच्या जवळ आलं, म्हाताऱ्या लँकेशायरच्या तोंडचा घास काढला. मग खानदेश-वऱ्हाडातला कापूसवाला श्रीमंत झाला का? नाही झाला. अमेरिकेतल्या यादवीने १८६१ ते १८६५ कापसाचे भाव आभाळाला भिडले. प्रेमचंद रायचंदांच्या नावाने बाजार हलत होता, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे चढले. लढाई संपली आणि १८६५ च्या जुलैत सगळं कोसळलं. व्यापारी बुडाले तसे शेतकरीही कर्जात बुडाले. दहा वर्षांनी पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जळल्या. तुमचा सिद्धान्त खरा असता तर यंत्र ताडदेवला आल्यावर हे चित्र बदलायला हवं होतं. बदललं नाही. तेव्हा दोष मधल्या यंत्राचा नाही, शेतीच तशी आहे.

मास्तर : शेटजी, हा घाव बरोबर बसला. मी जर एवढंच म्हणत असेन की कारखाना मालाच्या देशात आणा म्हणजे झालं, तर गिरणगाव माझ्याविरुद्ध साक्ष देतं. यंत्र जवळ आलं, मालकी आली नाही. वऱ्हाडातला शेतकरी गिरणीचा भागीदार नव्हता, आणि रत्नागिरी-साताऱ्याहून येऊन परळच्या चाळीत एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपणारा कामगारही नव्हता. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांना साध्या आठवड्याच्या सुटीसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, तेव्हा १८९० मध्ये रविवार मिळाला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर एकेक भोंगा बंद होत गेला. तेव्हा गिरण्यांच्या जमिनीचं मोल कुणाच्या हिशोबात गेलं हे सगळ्या परळने पाहिलं. म्हणून मी माझं म्हणणं दुरुस्त करतो. प्रश्न यंत्र कुठे आहे हा नाही, ते कुणाचं आहे हा आहे. आणि हीच गोष्ट आज कोकोत दिसते. लोक म्हणायचे, उष्ण देशात कोकोचे कारखाने चालणार नाहीत. चॉकलेटची वडी वितळेल हे खरं, पण बी दळायला आणि दाबायला गारठा लागत नाही. आज आयव्हरी कोस्ट कोको दळण्यात नेदरलँड्सच्या बरोबरीला आलेला आहे, पहिल्या नंबरासाठी दोघांत चुरस असते. पण तिथल्या बऱ्याच मोठ्या गिरण्या त्याच जागतिक कंपन्यांच्या आहेत ज्यांच्या गिरण्या ॲमस्टरडॅमजवळही आहेत. तिथल्या आबिजानच्या बंदरात ताडदेवच उभं राहिलं.

शेटजी : मालकी सरकारची केली तर चालेल तुम्हाला? त्याचाही अनुभव आहे. १९३७-३८ मध्ये गोल्ड कोस्टच्या शेतकऱ्यांनी युरोपीय कंपन्यांच्या संगनमताविरुद्ध महिनोन्महिने कोको विकायचंच नाकारलं. मी व्यापारी आहे, तरी त्या हिमतीला दाद देतो. पुढे १९४७ मध्ये सरकारी कोको मंडळ आलं. मंडळाने काय केलं? जगात भाव चढला तरी शेतकऱ्याला ठरलेलाच दर, मधला पैसा सरकारच्या तिजोरीत. शेवटी घानाचे शेतकरी रात्री पोती सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टला न्यायला लागले. ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडे १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. प्रतवारीवरून भांडणं, चुकाऱ्यांसाठी हेलपाटे, आणि शेजारच्या राज्यात भाव बरा असला की गाड्या रात्री तिकडे. योजनेचा तोटा साचत गेला आणि ती गुंडाळावी लागली.

मास्तर : अगदी ओळखीचं वाटतं आणि तुमच्याशी मी वाद घालणार नाही. सरकारी मंडळ म्हणजे शेतकऱ्याची मालकी नव्हे. खरेदीदार एकच राहिला, फक्त त्याचा शिक्का बदलला. पण तिसरा मार्ग पुस्तकातला नाही, आपल्याच देशात, कोकोतच घडलेला आहे. कॅडबरी १९४८ मध्ये मुंबईत आली. ही तीच कंपनी, जिने १८६६ मध्ये हॉलंडहून व्हॅन हौटेनचं यंत्र आणून आपलं नशीब पालटलं होतं. तेव्हा डच यंत्राचा धागा आपल्या भुलाभाई देसाई रोडवरच्या तिच्या जुन्या कार्यालयापर्यंत येतो. पुढे तिचं कार्यालय परळच्या एका टॉवरमध्ये गेलं, गिरण्यांच्या जुन्या पट्ट्यात, हेही नोंदवण्यासारखं आहे. १९६५ च्या सुमारापासून या कंपनीने केरळात कोकोची लागवड पसरवली, रोपं दिली, शिकवलं. शेतकऱ्यांनी नारळ-सुपारीच्या सावलीत झाडं लावली. त्या कामाचं मोल मी कमी करणार नाही. पण १९८० च्या आसपास जगात भाव पडले, खरेदी आटली आणि सुकवलेली बी घ्यायला कुणी उरलं नाही. लोकांनी हाताने लावलेली झाडं हाताने उपटली. त्या वेळी सुपारीवाल्यांची १९७३ ची कॅम्पको ही सहकारी संस्था कोकोच्या बाजारात उतरली. तिने बी घेतली आणि तेवढ्यावर न थांबता १९८६ मध्ये कर्नाटकात पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. लोणी काढायचं यंत्र बी पिकवणाऱ्यांच्या संस्थेच्या आवारात आलं. भाव पडायचे थांबले असं नाही, जगाचा भाव पुत्तूरला ठरत नाही. फरक एवढाच पडला की खाजगी गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तर शेतकऱ्याजवळ दुसरं दार राहिलं. दुसरं दार आहे हे गिऱ्हाइकालाही माहीत असतं, त्याचा परिणाम पहिल्या दाराच्या भावावरही होतो. तुम्ही रुईबाजारातले, हे मी तुम्हाला काय सांगावं.

शेटजी : एक पुत्तूर दाखवून तुम्ही जग जिंकलंत असं होत नाही. सहकारी संस्थांचं काय होतं ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. किती सूतगिरण्या कागदावर राहिल्या, किती साखर कारखाने दिवाळखोरीत काढून कुणाच्या घशात गेले. आणि २०२४ मध्ये काय झालं ते पाहिलंत ना? पश्चिम आफ्रिकेतलं पीक बुडालं, कोको टनामागे दहा हजार डॉलरच्या वर गेला. त्या वेळी गिरणीवालेच अडचणीत आले, बी मिळेना. तेव्हा मधल्या माणसाच्या हाती सगळं असतं हेही खरं नाही.

मास्तर : सहकारात लबाडी झाली, नात्यागोत्याचं राजकारण शिरलं, हे मी नाकारत नाही. पण कारखाना सभासदांच्या हातून गेला म्हणून बुडाला, तो सभासदांचा होता म्हणून बुडाला नाही. हा फरक करायलाच हवा, नाहीतर चोरी झाली म्हणून घर बांधणंच चूक ठरेल. २०२४ चं उदाहरण तुम्ही दिलंत ते मात्र माझ्या बाजूचं आहे. भाव दहा हजारांवर गेला तेव्हा घाना आणि आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला काय मिळालं? हंगामाआधी सरकारने ठरवलेला दर, बाजारभावाच्या कितीतरी खाली, कारण पुढच्या पिकाचे सौदे आधीच झालेले होते. कित्येकांची झाडं तर रोगाने आणि पावसाने गेली होती. टंचाईत गिरणीवाल्यांची धावपळ झाली हे खरं. पण वडी लहान करायची, किंमत वाढवायची, कोकोच्या जागी दुसरा स्निग्ध पदार्थ वापरायचा, हे उपाय त्यांच्याकडे होते. क्रॉफर्ड मार्केटची ती कंपाउंडची लादी आठवा. बीवाल्याजवळ असा एकही उपाय नव्हता.

शेटजी : बरं, तुमच्या नियमाने आता एक शेवटचं सांगा. आयव्हरी कोस्टमध्ये कोकोबरोबर काजूही पिकतो, जगात सगळ्यात जास्त तिथेच. त्यातला मोठा हिस्सा सालीसकट, कच्च्या बीच्या रूपात बोटीत चढतो आणि व्हिएतनामला किंवा आपल्याकडे येतो. आपल्या कारखान्यांत ती बी भाजली जाते, फोडली जाते, सोलली जाते, पांढरे गर प्रतवारीने डब्यात भरले जातात. दिवाळीच्या तोंडावर दादरला काजूकतलीच्या ओळी लागतात, त्यातल्या किती काजूंचं झाड कोकणातलं असेल? वेंगुर्ल्याला अजून डचांच्या जुन्या वखारीचे अवशेष उभे आहेत. तिथल्याच तालुक्यांत काजूचे कारखाने आहेत. मग या व्यवहारात डच कोण, मास्तर?

मास्तर : आपण. यात पळवाट काढता येत नाही आणि मला ती काढायचीही नाही. आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याने उद्या स्वतःचा काजू कारखाना काढला आणि आपल्या कारखान्याची बी थांबली, तर माझ्या नियमाने तो बरोबर असेल. फक्त एक गोष्ट त्याच हिशोबात धरा. आफ्रिकेतून बी उतरली की सिंधुदुर्गातल्या काजू बीचा भाव पडतो म्हणून तिथला बागायतदार दर हंगामात ओरड करतो. म्हणजे आयव्हरी कोस्टमधला आणि सावंतवाडीजवळचा, दोघे एकमेकांचा भाव पाडत एकाच गिऱ्हाइकाच्या दारात उभे आहेत, हातात सालीसकट बी घेऊन. कोकणातल्या बागायतदारांनी आपली बी एकत्र करून आपलाच कारखाना चालवला, सोलणाऱ्या बायकांना त्यात भाग दिला, तर पुत्तूरला जे घडलं ते वेंगुर्ल्यालाही घडेल. तसं होईपर्यंत दादरच्या दुकानात काजूकतली घेताना, या पैशातला बीवाल्याचा वाटा कुणी ठरवला, हा प्रश्न मी तुम्हालाही विचारणार आणि स्वतःलाही.